मँचेस्टरच्या गिरणीत आमचं जातं

घरच्यांना कधीचा प्रश्न पडलाय की ही मँचेस्टरला शनिवार-रविवारी नेमकी करते काय, तर घ्या, सांगते. आम्ही एक परफॉर्मन्स बसवला, विषय एकटेपणा. धड नाटक नाही, धड डान्स नाही, मधलंच काहीतरी. दिग्दर्शिका ब्रिटिश, एक साउंडवाला पोरगा, एक जपानी नर्तकी जी बुतो करते (१९५९ च्या सुमारास जपानात सुरू झालेला प्रकार, इतकं सावकाश हलतात की बघणाऱ्याला आधी कंटाळा येतो आणि मग नजर हटत नाही), आणि मी, अमळनेर तालुक्यातली, दिवसा सॉफ्टवेअर टेस्टिंग करणारी.

एकटेपणा इथे सरकारी विषय आहे बरं का. २०१८ मध्ये ब्रिटनने त्यासाठी मंत्री नेमला, २०२१ मध्ये जपाननेही. आईला फोनवर सांगितलं तर म्हणे, "त्यानासाठे बी मंत्री?" मग तुला एकटं नाही वाटत का विचारलं, तर "एकली कशी? म्हैस शे ना." भाऊ सुरतला, मी इथे, घरात ती आणि म्हैस.

दिग्दर्शिकेच्या डोक्यात चित्र तयार होतं, रिकामा हॉल, खुर्ची, एक बाई, शांतता. इकडे अशा कामाला मोठा मान आहे, २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा म्युझियममध्ये मरीना अब्रामोविच नावाची परफॉर्मन्स आर्टिस्ट दिवसदिवस खुर्चीत गप्प बसायची आणि लोक रांगा लावून समोर येऊन बसायचे, काही तर रडायचे. भारीच आहे ते. पण मी म्हटलं, आमच्याकडचं एकटेपण खुर्चीत बसत नाही, ते भरल्या घरात पहाटे जात्यावर बसतं. नवी सून, घरात माणसंच माणसं आणि मनातलं बोलायला कोणी नाही, मग ती जात्याशी बोलायची. सासूचं गाऱ्हाणं, भाऊ आखाजीला न्यायला येतो की नाही, सगळं ओवीत. घरघरीत कोणाला नीट ऐकू जात नाही, आणि गेलं तरी ते गाणंच, त्याचा जाब कोण विचारणार? (आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, खानदेशाबाहेरच्यांसाठी सांगते. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधून गौराईची गाणी म्हणतात आणि पुरुषमंडळी पत्ते कुटतात.)

दिग्दर्शिका बराच वेळ गप्प. मग म्हणाली, जातं आण.

आता मँचेस्टरात जातं कुठून आणायचं! शेवटी बोल्टनच्या एका गुजराती काकूंकडे मिळालं, त्यांची जुनी घंटी (गुजरातीत जात्याला घंटी म्हणतात). साउंडवाल्याने खालच्या तळीला कॉन्टॅक्ट माइक चिकटवला, हा माइक हवेतला आवाज घेत नाही, दगडातली थरथर उचलतो. मी ज्वारीची वैरण (म्हणजे दळायचे मूठभर दाणे) घातली, खुंटा धरला, आणि स्पीकरमधून मालगाडी पुलावरून जावी तसा आवाज आला. ओव्या मी अहिराणीतच म्हटल्या, भाषांतर दाखवायचं नाही यावर मी अडून बसले होते.

जपानी नर्तकीचं वेगळंच झालं. तिचं सगळं सावकाश, आणि जात्याला सावकाशी चालत नाही, हात मंदावला की वरची तळी अडते. खांद्याने नाही, कमरेतून ओढायचं हे तिला जमायला वेळ लागला. त्या तालमींत तिने सांगितलं, तिचा धाकटा भाऊ कित्येक वर्षं खोलीबाहेर आलेला नाही, आई जेवणाचा ट्रे दाराशी ठेवते. जपानात अशांना हिकिकोमोरी म्हणतात. मग ते दारच आम्ही स्टेजवर घेतलं, कागदी पडद्याच्या अलीकडे मी दळतेय, पलीकडे ती, आणि लाकडी फळ्यांतून जात्याची थरथर तिच्या पायापर्यंत जाते. उत्तरार्धात ती बाहेर येऊन समोर बसते, एका खुंट्यावर आमचे दोघींचे हात. एवढंच. गोष्ट वगैरे काही नाही.

हॉल म्हणजे मँचेस्टरच्या अँकोट्स भागातली जुनी सूतगिरणी. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला, इकडच्या गिरण्या हिंदुस्थानी कापसावर आल्या आणि आपल्या खानदेशात कपाशीला सोन्याचा भाव आला. म्हणजे आमच्याकडची कपाशी माझ्या कितीतरी आधी मँचेस्टर बघून गेली!

शो संपल्यावर एक म्हातारी आली, म्हणाली मी ओढून बघू का? बसली समोर. जातं फिरायला लागलं तशी बोलायला लागली, नवरा, मुलगी, रविवारची दुपार, कायकाय. मी मधेच वैरण घालायला थांबले की तीही गप्प. पुन्हा फिरलं की पुन्हा सुरू. तिला ओवी म्हणजे काय हे कोणी सांगितलं नव्हतं हो. दिग्दर्शिका लांबून बघत होती, नंतर मला म्हणाली पुढच्या शोला खुर्च्या कमी ठेवू, जाती वाढवू. म्हटलं आधी मिळू तर देत.

आता हे आखाजीला गावी करायचं चाललंय, जपानी बाई तयार आहे. आई म्हणते बोल्टनवालं आणू नका, घरचं आहे, पण ते इतकी वर्षं गोठ्यात पडून गुळगुळीत झालंय. तर अमळनेर, पारोळा, धरणगाव भागात जात्याला टाकी लावणारं (छिन्नीने दगड पुन्हा खरबरीत करून देणारं) कोणी अजून असेल तर कळवा, आईचा फोन नंबर त्यांना देते.