औली: रोपवे बंद, रस्त्यावर पाला, आणि जीपवाल्यांचं गणित

रोपवे बंद आहे. उत्तराखंडात जोशीमठहून औली या स्कीइंगच्या ठिकाणी नेणारा, दहा टॉवरांचा आणि चार किलोमीटरहून लांब असा तो रोपवे जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठ गावाखालची जमीन खचायला लागली तेव्हा थांबवला, आणि आम्ही पोचलो तेव्हाही तो थांबलेलाच होता. आम्हाला ज्यानं बुकिंग करून दिलं त्याच्या पत्रकावर मात्र देवदारांच्या डोक्यावरून जाणाऱ्या केबिनचा फोटो पानभर. निघायच्या आधी मी मुद्दाम फोन करून विचारलं होतं. "चालू आहे मॅडम, सीझनला सगळं चालू असतं." गंमत म्हणजे तो तांत्रिकदृष्ट्या खोटं बोलत नव्हता. औलीत एक चेअरलिफ्ट आहे, आठशे मीटरची, आणि ती चालू असते. विकणारे तिलाच बिनदिक्कत रोपवे म्हणतात. पण ती औलीत सुरू होते आणि औलीतच संपते. जोशीमठहून वर जायला तिचा काडीचाही उपयोग नाही. तेव्हा बुकिंगवाल्याला "रोपवे चालू आहे का" असं विचारूच नका. "जोशीमठहून निघणारा रोपवे चालू आहे का" असं विचारा, आणि उत्तर लेखी मागा.

रोपवे नाही म्हटल्यावर उरतो रस्ता. साधारण पंधरा किलोमीटरचा, वळणावळणाचा. या लेखाचा निम्मा भाग त्यातल्या शेवटच्या तीन-चार किलोमीटरवर जाणार आहे, कारण अख्ख्या प्रवासात माझं डोकं खरं फिरलं ते तिथेच.

तिथं होतं असं. दुपारी ऊन पडलं की कडेचा बर्फ वितळतो आणि पाणी रस्त्यावरून आडवं वाहतं. संध्याकाळी पारा शून्याखाली गेला की ते पाणी आहे तिथेच गोठतं. वरची बरीच वळणं उत्तरेकडे तोंड करून आहेत आणि वर देवदार आणि बांज (हिमालयातला ओक) यांची दाट सावली, त्यामुळे तिथं ऊन पोचेपर्यंत दुपार होते. रात्रभरात गोठलेला तो थर सकाळी पहिल्या जीपा घासून घासून आणखी गुळगुळीत करतात. तिथले लोक याला पाला म्हणतात. दिसायला डांबर नुसतं ओलं झाल्यासारखं दिसतं, काळं आणि किंचित चमकणारं. एका वळणावर आमची जीप जागच्या जागी आडवी झाली. ड्रायव्हर शांतपणे उतरला, मागून चुलीतल्या राखेची पिशवी काढली, चाकांखाली मूठ-मूठ राख टाकली आणि आम्हाला म्हणाला, "आप लोग उतर जाओ, धक्का लगाओ." दरीच्या बाजूला कठडा नव्हता. ढकलताना माझे स्वतःचेच पाय मागे सरकत होते, जीप तसूभर हलत नव्हती.

ही झाली निसर्गाची बाजू. आता धंद्याची.

जोशीमठच्या स्टँडवर "औलीपर्यंत" असं म्हणून भाडं ठरतं. आमचे आधी तीन हजार सांगितले, घासाघीस करून बावीसशेवर आले. मग वरच्या एका वळणावर गाडी थांबते. पुढे पाला आहे, चाकांना साखळी म्हणजे चेन लावलेली फोर बाय फोरच जाईल, असं सांगतात. आणि ती फोर बाय फोर, काय योगायोग, तिथेच उभी असते. तिचे दीड हजार वेगळे, अंतर जेमतेम तीन किलोमीटर. खाली उतरायचं तर पुन्हा तेच. बरोबर म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असली की तिथं वाद घालण्यात अर्थ नसतो, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून खालीच स्पष्ट बोला: औली म्हणजे चेअरलिफ्टच्या पायथ्याजवळचं गढवाल मंडल विकास निगमचं, म्हणजे जीएमव्हीएनचं, विश्रामगृह, तिथपर्यंतचं भाडं किती, चेन गाडीत आहे की नाही, आणि अर्ध्यात सोडलंत तर पैसे किती कापायचे. चेन डोळ्यांनी बघा. आमच्यावाल्यानं "है, है" म्हणून मान हलवली होती, प्रत्यक्षात गाडीत निघाली राखेची पिशवी. चेन लावलेली गाडीच जोशीमठहून थेट ठरवली तर एकरकमी जास्त वाटते, पण एकूण हिशेबात स्वस्त पडते. निघायची वेळही सकाळी दहानंतरची ठेवा. सकाळी सातला औलीला निघू या असं म्हणणारा उत्साही मेंबर ग्रुपमध्ये असेल, तर त्याला एकट्याला पाठवा.

खरं तर माझं मत असं की ज्यांना चालता येतं त्यांनी जीप घेऊच नये. जोशीमठहून सुनील गावातून औलीला पायवाट आहे. आठ-नऊशे मीटरची सरळ चढण, मधे घरं, शेतं, मग बांजांचं जंगल. साडेतीन-चार तास. सह्याद्रीत नियमित ट्रेक करणाऱ्याला यात घाबरण्यासारखं काही नाही, पाठीवर सॅक असली तरी. आम्ही उतरताना हीच वाट धरली आणि जीपवाल्यांना हात दाखवून अवलक्षण करायचं टाळलं. वरच्या टप्प्यात बर्फ होता, पण पायवाटेचा बर्फ भुसभुशीत असतो, त्यात टाच रुतते. रस्त्यावरच्या काचेपेक्षा कधीही बरा. रस्त्यानंच चालायची वेळ आली तर चाकोरीतून चालू नका; कडेच्या न तुडवलेल्या बर्फात पाय टाका, डोंगराच्या बाजूच्या. मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे छोटे खिळे) असतील तर घरूनच न्या. जोशीमठच्या दुकानांत भाड्यानं मिळतात ते बहुतेक गमबूट, आणि गमबूट पाण्यापासून वाचवतात, घसरण्यापासून नाही. त्यांचा तळवा थंडीनं दगडासारखा कडक होतो. ताज्या बर्फात खेळायला ठीक, पाल्यावर चालायला कुचकामी.

सुनीलच्या वर एका उतारावर गावातली पोरं खताच्या प्लॅस्टिकच्या गोणीवर बसून घसरत होती. एकजण पुढे गोणीचं तोंड धरून बसायचा, दुसरा मागून ढकलून उडी मारायचा. आम्हालाही बसवलं. फुकट. वर औलीत हीच मजा फुगवलेल्या रबरी ट्यूबवर विकतात, फेरीचे दोनशे-तीनशे, आणि ती ट्यूब वीस पावलं जाऊन थांबते. कुठली निवडायची ते तुम्हीच ठरवा.

आता स्कीइंग, कारण बहुतेकजण त्यासाठीच जातात. उतारावर पोचताच "स्की करा, फक्त अर्धा तास" म्हणणारे घेराव घालतात. त्या अर्ध्या तासात वीस मिनिटं बूट अडकवण्यात जातात आणि उरलेल्या दहात ते तुमचा हात धरून तुम्हाला खाली सरकवतात आणि फोटो काढतात. याला स्कीइंग म्हणत नाहीत. पैसे वाया. फोटोच हवा असेल तर स्की नुसत्या हातात धरून काढा. शिकायचं असेल तर जीएमव्हीएनचा सात दिवसांचा कोर्स करा, चौदा दिवसांचाही आहे. आमच्यातल्या एकानं आधीच्या वर्षी तो केला होता, आणि तो ज्या सहजतेनं वळणं घेत खाली आला ते बघून माझा इतका जळफळाट झाला की पुढच्या वेळी मी तेच करणार आहे, दुसरं काही नाही.

तरीही अर्धा-एक तास करायचंच असेल तर बुटांकडे नीट लक्ष द्या. भाड्याचे बूट घाईघाईत चढवतात. बकल लावल्यावर पुढे वाका. टाच वर उचलली जात असेल तर बूट मोठा आहे, बदलून घ्या. मोजे एकच जोडी, लांब. दोन जोड्या घातल्या की रक्त अडतं आणि बोटं आणखी गार पडतात. बाइंडिंगमधून, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडीतून, बूट सुटतो का ते सपाटीवर एकदा सोडवून बघा, कारण पडल्यावर स्की पायापासून सुटली नाही तर गुडघा पिरगळतो. पडायचंच झालं तर बाजूला पडा. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या करून घ्या, नाहीतर उठता उठताच पुन्हा निघाल.

बर्फाची खात्री कुणी देत असेल तर त्याच्याकडून काहीच विकत घेऊ नका. जानेवारी २०११ मध्ये औलीला दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या, त्यासाठी वर कृत्रिम तलाव केला आणि बर्फ उडवणारी यंत्रं आणली. पण यंत्रालाही हवा शून्याखाली लागते, आणि एवढा मोठा उतार काही यंत्रानं भरत नाही. २०२४ चा जानेवारी तर बराचसा कोरडाच गेला. डिसेंबरअखेरीस गर्दी आणि भाव दोन्ही शिखरावर, बर्फ मात्र नशिबावर. जानेवारीचा शेवटचा आठवडा ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जा. त्यातही तारखा दोन-तीन दिवस पुढेमागे करता येतील असं बघा, कारण ताजा बर्फ पडला की रस्ताही बंद होतो.

चेअरलिफ्ट उघडी आहे, वारा थेट अंगावर. हातमोजे आणि कानटोपी खालीच घाला, वर गेल्यावर बॅग उघडायला हात चालत नाहीत. वारा वाढला की ती थांबवतात, तेव्हा सकाळचा नंबर लावा. वरून नंदादेवी दिसते. ७,८१६ मीटर. आकडा वाचून काही होत नाही, समोर आल्यावर होतं. आजूबाजूला द्रोणागिरी, हाथी पर्वत, कामेट. आम्ही पोचलो तेव्हा आकाश धुतल्यासारखं होतं आणि मी त्या क्षणी बावीसशे अधिक दीड हजार सगळं विसरले होते, हे प्रामाणिकपणे लिहिते. दुपारी दोनपर्यंत ढग आले आणि हिशेब परत आठवला.

वर पोचल्यावर मॅगी खाऊन, ट्यूबवर बसून परत फिरू नका. तिथून गोरसों बुग्याल तीनेक किलोमीटर. आधी जंगल, मग झाडं संपतात आणि पांढरं मोकळं माळरान सुरू होतं. ट्रेकर लोकांची वाट पडलेली असेल तर गाइडची गरज नाही, कितीही घाबरवलं तरी. ताजा बर्फ पडून वाट बुजली असेल किंवा धुकं उतरत असेल तर मात्र गाइड घ्याच, कारण झाडं संपल्यावर दिशा सांगणारं काहीच उरत नाही. आम्ही गुडघाभर बर्फातून गेलो. गेटर्स (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर बांधायचं कव्हर) नसतील तर पँटचे पाय बुटांवर ओढून दोरीनं बांधा, नाहीतर बर्फ आत जाऊन मोजे भिजतात आणि परतीला पायाची बोटं आहेत की नाहीत हे चाचपून बघावं लागतं. बाराच्या आत परत फिरा. औलीला गेलो तेव्हा सगळ्यात वसूल काय झालं असं विचाराल, तर हेच. दमून मेलो होतो तरी सांगते, हेच.

राहण्याबद्दल. औलीत राहणं महाग आहे, नळ गोठतात, वीज जाते, गरम पाण्याची बादली मागून घ्यावी लागते. तरी एक रात्र वर काढा, म्हणजे पाल्याच्या रस्त्याशी एकदाच गाठ पडते आणि सकाळचं आकाश हाताशी असतं. बाकीच्या रात्री जोशीमठात. तिथे खोली घेण्याआधी इमारत बघून घ्या. २०२३ मध्ये तिथल्या आठशेहून जास्त इमारतींना तडे गेले, धोकादायक घरांवर प्रशासनानं लाल फुल्या मारल्या होत्या. हे गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलंय आणि इथं अवजड बांधकाम नको, असं सरकारनेच नेमलेल्या मिश्रा समितीनं १९७६ सालीच सांगितलं होतं. त्यानंतर काय काय उभं राहिलं ते बाजारातून चालताना दिसतंच. मी तर चार मजल्यांचं हॉटेल सोडून एका जुन्या एकमजली घरातली खोली घेतली. गेल्या वर्षी मंडुव्याची (नाचणीची) भाकरी आणि गहतची (कुळथाची) डाळ कुठे मिळते हे कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्या घरात रोज मिळाली. नरसिंह मंदिर बाजारापासून जवळ आहे. तपोवनचे गरम पाण्याचे झरे नीती खोऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पंधराएक किलोमीटरवर, दुखऱ्या पायांना उत्तम. तो दिवस छान गेला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

पैसे जोशीमठातच काढून घ्या. वर नेटवर्क गेलं की यूपीआय गेलं, आणि मग चहावालाही उधारी देत नाही. फोन झोपताना अंगाशी ठेवा, थंडीत बॅटरी झपाट्यानं उतरते.

परतीचं एवढंच. ऋषिकेश अडीचशे किलोमीटर, कागदावर दहा तास. पिपळकोटी, चमोली, कर्णप्रयाग, रुद्रप्रयाग, श्रीनगर (गढवालमधलं), देवप्रयाग, आणि मधे कुठे ना कुठे दरड साफ करणारं यंत्र आडवं उभं. अंधार पडल्यावर डोंगरी रस्त्यावर गाड्या अडवतात, म्हणून त्याच रात्रीची ट्रेन किंवा विमान धरू नका. शेअर जीप पहाटे अंधारातच निघतात आणि भरल्याशिवाय निघत नाहीत. आदल्या संध्याकाळी स्टँडवर जाऊन सीट सांगून ठेवा, आणि मधली रांग मागा. मागच्या बाकावर बसवलं तर देवप्रयागपर्यंत मान गेलीच समजा.