जुन्या वस्तूचा भाव आणि शंकेची वजावट

एकाच मॉडेलचे दोन फोन विकायला आहेत असं समजा. दोन्ही दोन वर्षं वापरलेले, दोन्ही धडधाकट. एका जाहिरातीत नऊ फोटो आणि बॅटरीचा आकडा. दुसरीत एक अंधुक फोटो आणि "एकदम मस्त कंडिशन, फक्त गरजूंनीच संपर्क करावा". दुसरा फोन महिनाभर पडून राहतो आणि शेवटी पडेल भावात जातो. माल तोच, पण घेणाऱ्याने मनातल्या मनात शंकेची वजावट केलेली असते. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजाराबद्दल हेच मांडलं होतं. माल कसा आहे ते विकणाऱ्याला ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. म्हणून घेणारा सगळ्यांनाच सरासरी भाव लावतो, आणि चांगला माल असणारे वैतागून बाजार सोडतात. ऑनलाइन तर वस्तू हातातही घेता येत नाही.

भाव ठरवताना बहुतेक जण चालू जाहिराती बघतात आणि तिथेच फसतात. चालू जाहिरातीतला आकडा म्हणजे विकणाऱ्याची इच्छा. बघायचा तो झालेल्या सौद्यांचा आकडा. ईबेवर 'विकलेल्या वस्तू' असा फिल्टर आहे. तो लावून शेवटचे दहा-पंधरा सौदे बघा. अशी सोय नसेल तिथे पाच-सहा जाहिराती सेव्ह करा आणि दोन आठवडे लक्ष ठेवा. चार दिवसांत गायब झाली ती बरोबर भावाची, लटकत राहिली ती महाग. आयफोन विकायचा असेल तर ऑगस्टमध्येच काढा. नवं मॉडेल बहुधा सप्टेंबरात येतं आणि मागच्या सगळ्यांचे भाव उतरतात.

फोटो खिडकीपाशी, दिवसा, फ्लॅश बंद ठेवून काढा. पहिला फोटो पूर्ण वस्तूचा, मग चारही बाजू, मॉडेल नंबरची पट्टी, सोबत काय काय मिळणार ते एकत्र मांडून, आणि शेवटी दोष. ओरखड्याशेजारी एक नाणं ठेवलं की त्याचा आकार सांगत बसावं लागत नाही. दोष दाखवला तर भाव पडतो ही भीती मला उलटी वाटते. दाखवलेल्या दोषाची किंमत एकदाच वजा होते, लपवलेल्याची शंका मात्र सगळ्या वस्तूवर पसरते. सीरियल नंबर आणि आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) यांचे शेवटचे काही आकडे झाका, कारण पूर्ण नंबर उचलून दुसरीकडे खोट्या जाहिराती टाकल्या जातात. फोटोत लोकेशन नोंदलेलं असेल तर तेही काढून टाका.

आता घेणाऱ्याची बाजू. फोन बघायला गेलात की आधी *#०६# डायल करा. जो आयएमईआय दिसेल तो खोक्यावरच्या आणि बिलावरच्या नंबराशी जुळला पाहिजे. आयफोनमध्ये 'अबाउट'मधल्या मॉडेल नंबराचं पहिलं अक्षर बघा: 'एम' म्हणजे नवा विकलेला, 'एफ' म्हणजे कंपनीने दुरुस्त करून विकलेला, 'एन' म्हणजे बदली म्हणून दिलेला, 'पी' म्हणजे नाव कोरून घेतलेला. 'एन' वाईट असतो असं नाही, पण विकणारा "पहिल्या दिवसापासूनचा आहे" म्हणत असेल तर कुठेतरी पाणी मुरतंय. त्याच पानावर बॅटरी, स्क्रीन किंवा कॅमेरा बदललेला असेल तर नव्या मॉडेलांत त्याची नोंद दिसते.

बॅटरीचा आकडा नुसता वाचू नका, त्याचा अर्थ लावा. अ‍ॅपलच्याच म्हणण्यानुसार आयफोन १४ पर्यंतची बॅटरी ५०० चार्जिंग सायकलींनंतर (एक सायकल म्हणजे एकूण १०० टक्के चार्ज वापरणं) मूळ क्षमतेच्या ८० टक्क्यांवर येते, १५ पासून पुढे १००० सायकलींनंतर. चार वर्षं रोज वापरलेल्या जुन्या मॉडेलवर १०० टक्के दिसत असेल तर बॅटरी बदललेली आहे, आणि मग ती कोणी बदलली हा पुढचा प्रश्न.

मग स्वतःचं सिम घालून एक कॉल करा. पुढच्या आणि मागच्या कॅमेऱ्याने दहा-दहा सेकंदांचा व्हिडिओ घेऊन ऐका, म्हणजे वेगवेगळे माइक तपासून होतात. एखादं आयकॉन बोटाने धरून स्क्रीनच्या कडाकडांनी फिरवा. ते मध्येच सुटलं तर त्या पट्ट्यात टच गेलेला आहे. ओएलईडी स्क्रीनवर करड्या रंगाचं चित्र कमी ब्राइटनेसला उघडलं की कीबोर्डची किंवा आयकॉनची उमटलेली सावली दिसते. सिमच्या खाचेत टॉर्च मारा. आत छोटी खूण असते. ती लाल झाली असेल तर पाणी आत गेलेलं आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, फोन तुमच्या समोर रिसेट करून घ्या. रिसेटनंतर त्याने जुना अ‍ॅपल किंवा गूगल पासवर्ड मागितला तर तो फोन नाही, वीट आहे. अँड्रॉइडमध्ये हे कुलूप ५.१ आवृत्तीपासून आहे. लॅपटॉपमध्ये याचाच भाऊ म्हणजे कंपनीचं रिमोट मॅनेजमेंट. मशीन पुसून कोरं केलं, सगळं छान दिसलं, घरी नेऊन वायफाय जोडलं की "हे उपकरण अमुक संस्थेच्या ताब्यात आहे" अशी पाटी येते. म्हणून लॅपटॉप नेहमी सेटअपच्या पडद्यावर इंटरनेट जोडून बघा. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्ट काढला की मूळ क्षमता आणि आजची पूर्ण क्षमता शेजारी शेजारी दिसतात. हार्ड डिस्क असेल तर डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो चालवून 'रीअलोकेटेड' आणि 'पेंडिंग सेक्टर' हे खराब जागांचे दोन आकडे बघा. शून्य नसतील तर डिस्क फुकट समजून भाव करा.

हप्ते थकलेला फोन हा सगळ्यात ओंगळ प्रकार. आज आयएमईआय स्वच्छ असतो, सौदा होतो, दोन महिन्यांनी हप्ते थांबतात आणि फोन काळ्या यादीत जातो, म्हणजे त्यावर नेटवर्क चालत नाही. यावर तपासणीचा उपाय नाही. मूळ बिल आणि हप्ते फिटल्याचा कागद, एवढंच.

कॅमेऱ्याची लेन्स घेताना खिशात टॉर्च हवा. दोन्ही झाकणं काढा, अ‍ॅपर्चर (उजेड आत सोडणारं भोक) पूर्ण उघडा, एका बाजूने उजेड टाकून दुसऱ्या बाजूने तिरकं बघा. धुळीचे चार कण प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असतात, त्याने फोटोत काही फरक पडत नाही. पण कडेपासून आत पसरणारे, कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. साफ केली तरी काचेवरचा लेप खाल्लेला असू शकतो. सगळीकडे सारखं धुरकट दिसणं हा वेगळा रोग. त्याने उजेडाच्या दिशेने काढलेले फोटो फिके येतात. सोबत कॅमेराही घेत असाल तर ते भोक एफ/१६ इतकं बारीक करून पांढऱ्या भिंतीचे मुद्दाम आउट ऑफ फोकस दोन-तीन फोटो घ्या आणि मोठे करून बघा. प्रत्येकात एकाच जागी येणारे काळे ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ; ती निघते. पण विकणारा "ते काही नाही" म्हणाला, तर साफसफाईचा खर्च भावातून कापायला सांगा.

काही वस्तू मी जुन्या घ्यायच्याच नाहीत असं म्हणेन. हेल्मेटचा फोम एकदा आपटला की आतून दबतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. लहान मुलांच्या कारसीटचंही तसंच. पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डांत खोटी क्षमता लिहून विकणारे इतके आहेत की भानगडीत न पडलेलं बरं. कार्ड १ टीबी म्हणतं, आत ३२ जीबी असते, आणि ती भरल्यावर नवे फोटो जुन्यांवर लिहिले जातात.

फोन विकताना क्रम चुकवू नका. आधी बॅकअप, मग लॉगिनचे कोड देणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप नव्या फोनवर हलवा, घड्याळ अनपेअर करा, खात्यातून साइन आउट करा, ईसिम काढा आणि सगळ्यात शेवटी रिसेट. साइन आउट न करता रिसेट केलात तर घेणाऱ्याच्या हातात वर सांगितलेली वीट जाऊ शकते आणि तुमचा फोन दिवसभर वाजत राहील.

पैशांच्या बाबतीत फसवणुकीचे प्रकार मोजकेच आहेत, वेष फक्त बदलतात. पैसे 'मिळवण्यासाठी' क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, लिंक उघडून कार्डाचा नंबर द्या, तुम्ही खरे आहात हे कळायला आलेला कोड सांगा: पैसे यायला यातलं काहीच लागत नाही. दुसरा प्रकार जास्तीच्या पैशांचा. चुकून जास्त पाठवले, फरक परत करा म्हणतात; तुमचा फरक खरा जातो आणि त्यांची मूळ रक्कम मागाहून रद्द होते. स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. आपलं खातं उघडा, शिल्लक वाढलेली बघा, मगच वस्तूवरचा हात सोडा. इसाराचं मात्र कोडं आहे. इसार घेतल्याशिवाय विकणाऱ्याने वस्तू राखून ठेवू नये, आणि न बघितलेल्या वस्तूला घेणाऱ्याने इसार देऊ नये. दोघंही बरोबर असतात. आधी येईल त्याला देणं, हाच त्यातला कमी कटकटीचा मार्ग.

कुरियरने पाठवणार असाल तर भाव सांगण्याआधी खोकं मोजा. मोठ्या हलक्या खोक्याचं वजन बऱ्याचदा आकारमानावर धरतात: लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. ६० बाय ४० बाय ४० च्या खोक्यात दोन किलोची लॅम्पशेड असली तरी भाडं १९.२ किलोचं लागतं. "डिलिव्हरी फ्री" लिहून बसलेले इथे नफा घालवतात.

आत सगळ्या बाजूंनी ५ सेंटिमीटर भराव हवा. खोकं बंद करून हलवा; आत काही सरकल्याचं जाणवलं तर पुन्हा उघडा. 'नाजूक' लिहिलेल्या पट्टीवर विसंबू नका, मोठ्या केंद्रांत वर्गवारी यंत्रं करतात आणि त्यांना ती वाचता येत नाही. ग्रामोफोनच्या तबकड्या बाह्य कव्हराच्या बाहेर काढून, आतल्या कागदी पाकिटासह कव्हरामागे ठेवतात, नाहीतर धक्क्याने तबकडी कव्हराची शिवण फाडते. पॅक करताना सीरियल नंबर दिसेल असा सलग व्हिडिओ घ्या. घेणाऱ्यानेही खोकं उघडताना तसाच घ्यावा. रिकामं खोकं किंवा दुसराच बिघडलेला नग परत पाठवण्याच्या वादात या दोन व्हिडिओंशिवाय काही चालत नाही. परतीची मुदत संपेपर्यंत हे व्हिडिओ पुसू नका.

खोक्यावर चिकटपट्टी मारण्याआधी एकदा कॅमेऱ्याची कार्डाची खाच, लॅपटॉपचा डीव्हीडी ट्रे आणि कपाटाचा सगळ्यात खालचा खण उघडून बघा.