तुम्ही विचारलंत म्हणून : 2 ऑक्टोबर आणि फॉगसाहेब

दर वर्षी 2 ऑक्टोबरला मी ज्यूल व्हर्नची ऐंशी दिवसांतल्या जगप्रवासाची कादंबरी काढून बसतो आणि कुणीतरी हमखास विचारतंच, “गांधीजयंतीला हे काय?” तर तिचा नायक फिलिआस फॉग ऐंशी दिवसांत जगाला फेरी मारायची पैज लावून लंडनहून निघतो तो बुधवार, 2 ऑक्टोबर 1872. त्याच दिवशी तिकडे पोरबंदरला मोहनदास तीन वर्षांचा झाला. निव्वळ योगायोग, अर्थबिर्थ काढायला जाऊ नका.

खरी गंमत वेगळीच आहे. ही कादंबरी पॅरिसच्या ‘ल ताँ’ दैनिकात क्रमशः आली, 6 नोव्हेंबर ते 22 डिसेंबर 1872. फॉगची मुदत संपते 21 डिसेंबरला, रात्री पावणेनऊला. म्हणजे गोष्टीतली तारीख आणि वाचकाच्या हातातल्या पेपरवरची तारीख शेवटी एकमेकींना जवळजवळ भिडतात. पुस्तक एका बैठकीत संपवणाऱ्या आपल्याला ती मजा कुठली? म्हणून मी तारखा पाळून वाचतो. 20 ऑक्टोबरला तो मुंबईत उतरतो. त्याचा नोकर पासपार्तू बूट घालून मलबार हिलवरच्या देवळात शिरतो आणि मार खातो. रात्री आठची गाडी पकडून, कल्याणला खंडाळा-पुण्याचा फाटा उजवीकडे टाकून स्वारी घाटाला लागते.

या पासपार्तूचं पणजोबांच्या वेळचं घड्याळ तर सगळ्या कादंबरीची किल्ली आहे. पठ्ठ्या ते लंडनच्या वेळेवरून हलवायलाच तयार नाही. 23 नोव्हेंबरला पॅसिफिकमध्ये, 180 रेखांशापाशी, ते बोटीवरच्या घड्याळाशी तंतोतंत जुळतं आणि हा खूश. तबकडीवर बाराऐवजी चोवीस आकडे असते तर कळलं असतं, की बोटीवर सकाळचे नऊ आहेत आणि लंडनला रात्रीचे! पूर्वेकडे जाताना दर रेखांशामागे चार मिनिटं हाती लागतात. 360 गुणिले 4, झाले चोवीस तास. या वाढलेल्या दिवसावरच फॉग पैज जिंकतो, आणि तो दिवस हाताशी आहे हे त्याला लंडनला परतेपर्यंत कळत नाही.

इथेच माझी एक तक्रार आहे. वाररेषा, म्हणजे पूर्वेकडे जाताना जिथे तारीख एक दिवस मागे घ्यायची ती 180 रेखांशाजवळची रेषा, ओलांडल्यावर त्याने अख्खी अमेरिका रेल्वेने पालथी घातली. एकाही स्टेशनवर, एकाही पेपरात खरी तारीख दिसली नाही? न्यूयॉर्कहून लिव्हरपूलची बोट 11 डिसेंबरच्या रात्री नऊला सुटणार होती. त्याच्या हिशेबाने तो 11 तारखेच्या रात्री पोचतो आणि ती पाऊण तासाने चुकते. पण न्यूयॉर्कच्या कॅलेंडरवर तेव्हा 10 तारीख असणार. मग बोट आदल्या दिवशीच कशी सुटली?