शिळे पाणी

नळाला पाणी आले की लातूरच्या आमच्या गल्लीत सर्वांत आधी भरलेली पिंपे रिकामी होतात. काल संध्याकाळपर्यंत तांब्या-तांब्याने पुरवून वापरलेले पाणी धार दिसताच शिळे ठरते आणि मोरीत जाते. परवा दुपारी शेजारच्या वहिनींनी अर्धे पिंप असेच उपडे केले आणि माझ्या हातातली बादली पाहून म्हणाल्या, "भाऊजी, आता पाणी आलंय तर माशाचंबी समदं बदलून टाका की!" मी हसून वेळ मारून नेली. माझे दोन्ही गोल्डफिश त्या शिळेपणावरच जगत आहेत, हे त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार?

माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सुटणारा अमोनिया त्यांनाच मारतो. टाकीतल्या पाणी गाळणाऱ्या स्पंजवर आणि वाळूवर वस्तीला आलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेचसे निरुपद्रवी असे नायट्रेट करतात. नव्या टाकीत ही वस्ती बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. टाकी उपसून, घासूनपुसून लख्ख केली की ती वस्ती उठते आणि आपण पुन्हा पहिल्या दिवसावर येतो. म्हणून आठवड्याला चौथा हिस्सा पाणी काढायचे, क्लोरीन उडून जावा म्हणून दिवसभर उघडे ठेवलेले तेवढेच पाणी घालायचे आणि स्पंज नळाखाली न धरता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळायचा. याहून अधिक स्वच्छतेची हौस माशांच्या जिवावर बेतते.

उदगीरला आजोळी परसात दगडी हौद होता. पावसाळ्यात आरोग्य खात्याचा माणूस पिशवीतून गप्पी मासे आणून त्यात सोडी, कारण ते डासांच्या अळ्या खातात. त्यानंतर त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. हौदाच्या कडांना बोटभर हिरवे शेवाळ धरलेले असे, आजी वरचेवर कळशीभर पाणी काढी, नवे पडत राही, तळ मात्र कधी खरवडला जात नसे, आणि पुढच्या उन्हाळ्यात आम्ही सुट्टीला जाऊन वाकून पाहावे तो टाचणीएवढी पिल्ले शेवाळाला तोंडे लावत हिंडत असत.

दुकानातले काचेचे गोल भांडे मात्र मला बघवत नाही. त्यात पाणी थोडे, हवेला भिडणारा पृष्ठभाग त्याहून थोडा, आणि तळाशी रंगीत खडे व प्लॅस्टिकचा पाणबुड्या. इंग्लंडमध्ये 1956 साली जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला 'टिश' नावाचा गोल्डफिश 43 वर्षे जगून 1999 मध्ये गेला. साधी निगा राखली तरी हा मासा 10-15 वर्षे सहज काढतो. आपल्याकडे तो दिवाळीत येतो आणि संक्रांत पाहत नाही, मग 'नाजूक जात' म्हणून त्याच्यावरच ठपका ठेवला जातो. माझी टाकी उथळ, लांबट आणि शंभर लिटरची आहे. तिच्यात हवेच्या पंपावर चालणारा स्पंज आहे, आणि खाणे दोन मिनिटांत संपेल एवढेच पडते. एप्रिल-मे मात्र जड जातात; पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि नेमकी तेव्हाच वीज जाते.

2016 चा उन्हाळा वेगळाच होता. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा आमच्या बैठकीत दोन माशांसाठी शंभर लिटर पाणी अडवलेले होते. कोणी घरी आले की आम्ही टाकीवर चादर टाकत असू. पाणी बदलणे मी कमी केले, पण थांबवले नाही. काढलेली प्रत्येक बादली संडासात वापरली. मासे जगले. त्या दिवसांत त्यांना जगवणे योग्य होते का, हे मला अजूनही ठरवता आलेले नाही.