आधी पाऊल, मग उत्तर

पुनर्वसन केंद्रात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करताना नव्या वृद्ध रुग्णाची एक साधी परीक्षा मी नेहमी घेते. तो चालत असताना त्याच्याशी सहज बोलायला लागते आणि त्याच्या पावलांकडे पाहत राहते. बोलू लागताच जे वृद्ध चालायचे थांबतात, ते पुढील काळात पडण्याची शक्यता अधिक असते, असे स्वीडनमधील संशोधकांनी १९९७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले होते. वर्षभरात दोनदा पडलेल्या एका काकूंना मी "आज कोणाबरोबर आलात?" असे विचारले, तेव्हा त्या जागीच थबकल्या, माझ्याकडे वळून उत्तर दिले आणि मगच पुढे चालू लागल्या. पायांत ताकद होती, नजरही ठीक होती. लक्ष मात्र दोन कामांना पुरत नव्हते.

त्यांच्यासाठी आम्ही ट्रेडमिलवरचा आभासी वास्तवाचा (व्हर्च्युअल रिॲलिटीचा) सराव निवडला. डोळ्यांवर हेडसेट चढवला की स्वतःची पावले दिसेनाशी होतात, म्हणून अशा रुग्णांसाठी मला समोरचा मोठा पडदाच योग्य वाटतो. अंगाला सुरक्षेचा पट्टा बांधलेला असतो, कॅमेरा पायांची हालचाल टिपतो आणि पडद्यावरच्या वाटेवर तेच दोन बूट चालू लागतात. त्या वाटेत डबकी येतात, ओंडके येतात, फाटे फुटतात आणि मघाशी कोणती पाटी दिसली हेही ध्यानात ठेवावे लागते. २०१६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, पूर्वी पडलेल्या ६० ते ९० वयाच्या लोकांनी सहा आठवडे असा सराव केला आणि नुसत्या ट्रेडमिलवर चाललेल्यांपेक्षा ते पुढच्या सहा महिन्यांत कमी वेळा पडले.

दहा सत्रे झाली तरी काकूंचे एकच चुकत होते: उत्तर अचूक यायचे, पण उजव्या पायाचा चवडा ओंडक्याला लागायचा. अकराव्या दिवशी प्रश्न कानावर पडला, त्यांचे ओठ हलले आणि पुन्हा मिटले. डावा पाय ओंडक्यापलीकडे गेला, मागोमाग उजवा, चवडा चांगला वर उचललेला, टाच टेकली आणि मग शब्द आले, "निळी पाटी." तोवर वेळ संपली होती आणि पडद्यावर लाल फुली उमटली.

"चुकलं ना, डॉक्टर?" काकूंचा चेहरा उतरला होता.

"नाही काकू, आज पहिल्यांदा बरोबर आलं," मी म्हणाले, आणि ते केवळ धीर देण्यासाठी नव्हते. अवधान मागणारी दोन कामे समोर आली की मेंदूला बहुतेक वेळा एकाला थांबवून ठेवावे लागते, आणि कोणते थांबवायचे हे काकूंनी त्या क्षणी अचूक ठरवले होते. प्रोग्रामला दिसला तो फक्त उशीर. त्याच दिवशी मी उत्तराची मुदत वाढवली आणि ओंडक्याला पाय लागल्यास कापले जाणारे गुणही वाढवले. पडद्यावर तरबेज झालेला रुग्ण बाहेरही तसाच चालेल याची खात्री नसते, म्हणून प्रत्येक सत्रानंतर मी त्यांच्याबरोबर कॉरिडॉरमधून एक फेरी मारत असे.

सहाव्या आठवड्यातल्या अशाच एका फेरीत मी विचारले, "नातीची परीक्षा कशी झाली?" नेमकी तेव्हाच समोरून एक व्हीलचेअर येत होती. काकू थांबल्या नाहीत. वेग किंचित कमी करून त्यांनी व्हीलचेअरला वाट दिली, दाराचा उंबरठा ओलांडला आणि मग म्हणाल्या, "गणिताचा पेपर अवघड होता म्हणे."