बॅटरी तिसऱ्या मजल्यावर

रोज रात्री साडेआठला आमच्या घरात एक बॅटरी चढून येते. आमच्या चिरंजीवांनी विजेवरची स्कूटर घेतली, पण सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग नाही. मग भांडुपच्या या तीन मजली, बिनलिफ्टच्या इमारतीत तो ती बॅटरी काढून वर आणतो आणि फ्रिजशेजारी लावतो. बायकोने तिथली कांद्याची टोपली हलवली. तेवढा त्याग आम्ही केला.

हिशेब मात्र मला पटलाय. बॅटरीला दोन युनिट लागतात. युनिट दहा रुपये धरलं तरी वीस रुपयांत साठेक किलोमीटर. माझ्या जुन्या स्कूटरला पेट्रोल शंभरच्या वर भावाने घालावं लागतं, ती तेवढ्याच अंतराला याच्या सहापट तरी खाते.

"आणि क्लीन आहे बाबा," हे वर.

मी विचारलं, "रात्री साडेआठला सूर्य कुठला रे?"

तो म्हणाला, "ग्रिडमधून येते." पोरांना वीज ग्रिडमधून येते, दूध पिशवीतून.

माझ्या आजीला वीज कुठून येते ते नीट माहीत होतं. ती मुळशीची. टाटांनी मुळा नदी अडवली तेव्हा ती लहान होती. १९२१ साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, शेतकरी तुरुंगात गेले, तरी धरण झालंच. खरं तर मुळा पूर्वेला पुण्याकडे जाणारी नदी. तिचं अडवलेलं पाणी पश्चिमेला वळवून, सह्याद्रीच्या कड्यावरून पाइपातून खाली भिऱ्याला सोडलं आणि १९२७ मध्ये तिथे वीज सुरू झाली. कोलाडला राफ्टिंग करणारी मंडळी ज्या पाण्यावर किंचाळतात, ते भिऱ्याहून सुटलेलंच.

त्याआधी १९१५ला खोपोली आणि १९२२ला भिवपुरी. गिरण्यांच्या कोळशाला पर्याय म्हणून हे सगळं उभं राहिलं. म्हणजे मुंबईला 'क्लीन' वीज शंभर वर्षांपूर्वीच मिळाली होती, फक्त हा शब्द तेव्हा कोणाच्या तोंडी नव्हता. आजी लग्न होऊन लालबागला आली, आजोबा गिरणीत, चाळीत दिवे. ती म्हणायची, "आमचं खळं बुडालं आन् तुमचा दिवा पेटला." ती रागात नसायची. भाव सांगावा तसं सांगायची.

१९७८च्या मे महिन्यात वडील तिला मुळशीला घेऊन गेले, मीही होतो. ती काठावर उभी राहिली, हाताने एक दिशा दाखवली, मग दुसरी. नक्की कुठली, ते तिला ठरवता येईना. आम्ही डबा खाऊन परत आलो.

हे सगळं आठवायचं कारण, टाटांनी २०२३ मध्ये राज्य सरकारशी दोन प्रकल्पांचा करार केला. भिवपुरीला १००० मेगावॉट आणि मावळात शिरवट्याला १८००. दिवसा सौर वीज उतू जाते तेव्हा तिच्यावर पंप चालवून खालचं पाणी वर चढवायचं, आणि संध्याकाळी दिवे, एसी, आमच्या बॅटऱ्या एकदम लागल्या की तेच पाणी खाली सोडायचं. कोळशाचा थंड पडलेला संच तापायला तास लागतात, पाण्याचा संच काही मिनिटांत फिरतो. त्यामुळे 'साडेआठला सूर्य कुठला' याचं उत्तर पुन्हा आजीच्याच डोंगरात आहे. कल्पना मला आवडली. फक्त या वेळी कोणाचं खळं मध्ये येतंय, ते मी बातम्यांत शोधत असतो.

इकडे सोसायटीची मीटिंग. खालच्या जोशीकाकांना पार्किंगमध्ये आग लागायची भीती, सेक्रेटरींना लोड वाढायची. मी गच्चीवर सोलरचा विषय काढला. सामाईक मीटरसाठी केंद्राची किलोवॉटमागे १८ हजारांची सबसिडी आहे, किलोवॉटमागे दिवसाला चारेक युनिट पडतात, पाण्याचा पंप आणि जिन्याचे दिवे निघतील. त्यावर "गच्चीवर पापड कुठे वाळवायचे?" हा प्रश्न आला आणि अर्धा तास त्यावर गेला. प्लगचा ठराव पुढच्या रविवारी.

परवा चिरंजीव विचारत होते, "पणजीचं गाव दाखवा ना. स्कूटरने जाऊ."

एका चार्जमध्ये पनवेलच्या थोडं पुढे जाईल ती. "तिकडे प्लग मिळेल का?" त्यानेच विचारलं.

मिळेल म्हणालो. तळ्याकाठी आता रिसॉर्टं झालीत.