होस्टिंगवरचा व्हिज्युअल एडिटर कोणत्या फाइलसाठी वापरावा

जळगाव, रावेर, अमळनेर, धुळे या पट्ट्यातील ज्या छोट्या संस्थांच्या आणि व्यापाऱ्यांच्या वेबसाइट मी सांभाळतो, त्या बहुतेक साध्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक साइट एकाच सर्व्हरवर ठेवण्याच्या सोयीवर, आहेत. मालकाकडे सीपॅनलचा, म्हणजे होस्टिंग सांभाळण्याच्या पानाचा, पासवर्ड असतो, फाइल मॅनेजर कसा उघडायचा हे त्याला कोणीतरी दाखवून ठेवलेले असते, आणि एखादी फाइल निवडली की ‘एडिट’ आणि ‘एचटीएमएल एडिटर’ हे दोन पर्याय त्याच्यासमोर येतात. पहिला उघडला तर कोडची जत्रा दिसते. दुसरा उघडला तर मजकूर वर्डमध्ये दिसतो तसा दिसतो, ठळक-तिरप्या अक्षरांची ओळखीची बटणे दिसतात, आणि माणूस साहजिकच दुसऱ्याकडे वळतो. त्यात गैर काही नाही. मात्र हे दोन एडिटर एकाच कामाची दोन रूपे आहेत असा जो समज असतो, तो पुढच्या बहुतेक भानगडींचे मूळ असतो.

साधा एडिटर, म्हणजे ‘एडिट’, फाइलमधली अक्षरे जशीच्या तशी दाखवतो. आपण एक ओळ बदलून सेव्ह केले की तेवढी ओळ बदलते आणि बाकीचा मजकूर होता तसाच राहतो. व्हिज्युअल एडिटरचे, म्हणजे ‘एचटीएमएल एडिटर’चे, काम निराळ्या रीतीने चालते. तो आधी संपूर्ण फाइल ब्राउझरला वाचायला देतो. ब्राउझर आपल्या नियमांनुसार टॅगांची, म्हणजे पानाच्या एचटीएमएल भाषेतल्या परिच्छेद, तक्ता अशा खुणांची, एक रचना मनात उभी करतो, अर्धवट टॅग पूर्ण करतो, चुकीच्या जागी असलेले टॅग हलवतो आणि जे समजले नाही ते गाळतो किंवा गुंडाळून ठेवतो. आपण पडद्यावर जी दुरुस्ती करतो ती या रचनेत होते. आणि सेव्ह म्हटले की त्या रचनेवरून एक नवी फाइल लिहून जुन्या फाइलच्या जागी ठेवली जाते. म्हणजे आपण फक्त एक फोन नंबर बदललेला असतो, पण फाइल मात्र पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत पुन्हा लिहिली गेलेली असते.

साध्या एचटीएमएल पानाला याचा फारसा त्रास होत नाही. पीएचपी, म्हणजे पान पाठवण्याआधी सर्व्हरवर चालणारा कोड, असलेल्या पानाला होतो, आणि तो नेमका कसा होतो हे पाहण्यासारखे आहे. रावेरकडच्या एका केळी व्यापाऱ्याच्या साइटवर रोजच्या भावाचे पान आहे: केळीच्या मालाचे नवती, पिलबाग आणि वापसी असे रकाने, त्याखाली त्या दिवसाचे भाव, आणि वरचा नावाचा पट्टा आणि मेनू वेगळ्या फाइलमधून पीएचपीच्या एका ओळीने आणलेले. मुलाने व्हिज्युअल एडिटरमध्ये भाव बदलून सेव्ह केले आणि थोड्याच वेळात वडिलांचा मला फोन आला, “भो, वरचा पट्टाच गायब झाला!” भाव बरोबर बदलले होते. पट्टा आणणारी ओळही फाइलमध्येच होती; पण ती आता टिप्पणी, म्हणजे कोडमधली न चालणारी नोंद, झाली होती.

याचे कारण ब्राउझरच्या वाचनाच्या नियमांत आहे. पीएचपीचा कोड ‘पेक्षा लहान’ चिन्ह आणि प्रश्नचिन्ह यांनी सुरू होतो. सर्व्हरला ही खूण कळते, पण ब्राउझरच्या लेखी ती एक बिघडलेली टिप्पणी असते, आणि नियमानुसार तो तिथून पुढच्या पहिल्या ‘पेक्षा मोठे’ चिन्हापर्यंतचा सगळा भाग टिप्पणीत टाकतो. एडिटर फाइल पुन्हा लिहितो तेव्हा त्या भागाभोवती एचटीएमएलच्या टिप्पणीच्या खुणा घालतो, सर्व्हरला त्यात पीएचपी दिसत नाही, आणि ओळ चालायची थांबते. कोड एका ओळीचा असेल तर नुकसान एवढ्यावरच थांबते. पण पीएचपीत जागोजागी बाणासारखी खूण वापरतात, तिच्यात वजाच्या चिन्हाला लागून ‘पेक्षा मोठे’ चिन्ह असते. तिथे टिप्पणी मध्येच संपते आणि उरलेला कोड साधा मजकूर म्हणून पानावर सांडतो. तो तक्त्याच्या आत, पण कोणत्याही रकान्याच्या बाहेर असेल, तर ब्राउझर त्याला उचलून तक्त्याच्या वर नेऊन ठेवतो, आणि भावाच्या तक्त्याच्या डोक्यावर कंस, अवतरणचिन्हे आणि अर्धे शब्द यांचा ढीग लागलेला दिसतो. डेटाबेसचा, म्हणजे साइटच्या माहितीच्या साठ्याचा, पासवर्ड त्याच फाइलमध्ये लिहिलेला असेल तर तोही ब्राउझरमध्ये पानाचा कोड दाखवणारे ‘व्ह्यू सोर्स’ करणाऱ्या कोणालाही वाचता येतो, आणि हा धोका पट्टा गायब होण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. ड्रीमवीव्हरसारखे पाने बनवण्याचे, संगणकावर बसवायचे प्रोग्राम पीएचपी ओळखून ते जपतात; ब्राउझरच्या आत चालणाऱ्या एडिटरला तसे मुद्दाम शिकवावे लागते आणि ते शिकवलेले असेलच असे धरून चालता येत नाही.

पान दिसेल तसेच संपादित करता यावे ही इच्छा वेबइतकीच जुनी आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९० मध्ये लिहिलेला पहिला ब्राउझर एडिटरही होता. पुढे मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये विकत घेतलेल्या फ्रंटपेज या पाने बनवण्याच्या प्रोग्रामने ही सोय घरोघर नेली. फ्रंटपेजमध्ये बनवलेल्या पानांचा कोड ज्यांनी कधी हाताने साफ केला असेल, त्यांना त्या सोयीची किंमत वेगळी सांगायला नको.

शिवाय ‘दिसते तसेच’ हे वर्णनही होस्टिंगच्या एडिटरला पूर्ण लागू पडत नाही. सीपॅनल आपल्या साइटच्या पत्त्यावर नव्हे, तर स्वतःच्या पत्त्यावर, साधारणपणे २०८३ या पोर्टवर, म्हणजे पत्त्याला जोडलेल्या दाराच्या क्रमांकावर, चालतो. पानातील चित्रांचे आणि मांडणी ठरवणाऱ्या सीएसएस फाइलचे मार्ग सापेक्ष, म्हणजे पूर्ण पत्ता न देता, लिहिलेले असतील तर तिथे ते अनेकदा सापडत नाहीत. मग चित्रांच्या जागी रिकाम्या चौकटी दिसतात, मेनू एकाखाली एक यादीसारखा पसरतो, आणि पान बिघडले असे समजून एखादा हौशी माणूस ते ‘नीट’ करायला बसतो. मुळात बिघडलेले काहीच नसते. त्याची ही दुरुस्तीच पुढे खऱ्या साइटवर बिघाड होऊन दिसते.

मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. फाइल उघडताना सीपॅनल एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, विचारतो, तिथे यूटीएफ-८ निवडलेले आहे हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते; तीच फाइल जुन्या रोमन एन्कोडिंगमध्ये उघडली तर प्रत्येक अक्षराच्या जागी तीन विचित्र खुणा दिसतात. तोवर काही गेलेले नसते, फाइल सेव्ह न करता बंद करावी आणि योग्य पर्याय निवडून पुन्हा उघडावी. पण देवनागरीला जागाच नसलेल्या एन्कोडिंगमध्ये मजकूर सेव्ह झाला, तर अक्षरांची प्रश्नचिन्हे होतात आणि ती प्रश्नचिन्हे परत अक्षरे होत नाहीत. ‘शेतकऱ्यांना’, ‘व्यापाऱ्यांसाठी’ अशा शब्दांतला अर्धा र कसा टाइप केला आहे हेही पाहावे. काही जण तो साध्या र ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून उमटवतात. एखाद्या एडिटरने किंवा कॉपी-पेस्टने ते अदृश्य चिन्ह गाळले की त्या र चा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो. नुक्ता असलेला ऱ वापरला तर ही अडचण येत नाही. आपल्याकडच्या जुन्या संस्थांच्या साइटवर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पाने अजून आहेत. ती मुळात रोमन अक्षरेच असतात आणि केवळ फॉन्टमुळे मराठी दिसतात, त्यामुळे व्हिज्युअल एडिटरमधले ‘फॉरमॅट काढा’ हे बटण तिथे दाबले की अख्खे पान अगम्य होते. अशी पाने युनिकोड या सर्व लिप्यांच्या सामाईक अक्षरसंचात रूपांतरित करून मगच हातात घ्यावीत.

साइट वर्डप्रेस या साइट चालवण्याच्या तयार प्रणालीवर असेल तर हा प्रश्न बहुतांशी उरत नाही, कारण पानाचा मजकूर फाइलमध्ये नसून डेटाबेसमध्ये असतो. फाइल मॅनेजरमधली इंडेक्स फाइल उघडून ‘आमच्याविषयी’चा परिच्छेद शोधणाऱ्याला तिथे पीएचपीच्या चार-दोन ओळींखेरीज काही सापडणार नाही. तो परिच्छेद वर्डप्रेसच्या डॅशबोर्डमधूनच बदलावा, आणि थीमच्या, म्हणजे साइटचे रूप ठरवणाऱ्या, फाइलमध्ये हात घालायची वेळ आली तर चाइल्ड थीम, म्हणजे मूळ थीमवर बसणारी वेगळी थीम, करून घालावा, नाहीतर पुढच्या अपडेटबरोबर ते बदल पुसले जातात.

मग हा एडिटर वापरायचा कुठे? सूचना, कार्यक्रमाचे वृत्त, वधू-वर मेळाव्याची माहिती, वार्षिक सभेची नोटीस अशा, पीएचपी नसलेल्या आणि साध्या परिच्छेदांच्या पानांसाठी तो उत्तम आहे, आणि ज्याला कोड येत नाही त्याला तो बिनदिक्कत द्यावा. वर्डमधून मजकूर आणायचा असेल तर तो आधी नोटपॅडमध्ये टाकून तिथून उचलावा, म्हणजे वर्डचे फॉन्ट, समास आणि शैलींची अदृश्य गर्दी पानात शिरत नाही.

रावेरच्या त्या साइटसाठी मी पुढे अशी व्यवस्था केली की भावांचा तक्ता एका वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवला, तिच्यात फक्त तक्त्याचे टॅग आणि आकडे आहेत, आणि मुख्य पान ती फाइल आत ओढून घेते. त्या तुकड्याला एडिटरने पानाचे वरचे-खालचे टॅग स्वतःहून जोडू नयेत, म्हणून मुलाला तो साध्या ‘एडिट’मध्येच उघडायला सांगितले आहे, आकडे एकाखाली एक असल्याने त्याला तिथे कोडची भीती वाटत नाही. सेव्ह करण्याआधी तो फाइलची एक प्रत त्याच फोल्डरमध्ये तारखेच्या नावाने करतो, सेव्ह झाल्यावर कंट्रोल आणि एफ-५ दाबून साइट नव्याने उघडतो, कारण ब्राउझरने जपून ठेवलेले कालचे पान पाहून भाव बदललेच नाहीत असे वाटते आणि माणूस पुन्हा एडिटर उघडतो. काही अडले तर त्या प्रतीचे नाव बदलून ती जागेवर आणायची एवढेच काम उरते, आणि ते मला फोन न करता होते.